सातवा सोबती

१

शुक्रवारी सकाळी दहा वाजता कार्यशाळेतले कपाट उघडले तेव्हा सातही सोबती आपापल्या जागी बसलेले होते. सहा जणांच्या माना छातीवर पडल्या होत्या; वीज काढून घेतली की त्या तशाच पडतात. सातव्याची मान मात्र ताठ होती. त्याच्या हनुवटीखाली चार घड्यांचा पांढरा रुमाल कोणीतरी हळुवारपणे बसवला होता, आणि त्याच्या तळातले मेमरी कार्ड काढून नेले होते.

"चोराने जाताना झाकणाचा स्क्रूसुद्धा परत पिळून बसवलाय," रचनाकार म्हणाली. "आमच्याकडे कोणी इतकं नीटनेटकं नाही."

पस्तिशीची, आखूड केसांची, बाहीवर वाळलेल्या गोंदाचे डाग वागवणारी बाई. टेबलावर मावतील अशी ही हातभर उंचीची यंत्रे तिनेच घडवली होती. कार्यालयात मान खाली घालून राबणाऱ्या माणसाला सोबत करावी, पाणी प्यायची आठवण द्यावी, फार वेळ बसून राहिला तर उठायला लावावे आणि बोलावेसे वाटले तर ऐकावे, एवढेच त्यांचे काम. पाणीपुरवठ्याच्या तक्रार विभागातल्या सात कारकुनांच्या टेबलांवर ती तीन महिने बसून आली होती.

मी तीस वर्षे लिफ्टच्या अपघातांची कारणे शोधण्याची नोकरी केली. निवृत्त झाल्यावरही यंत्र आणि माणूस यांच्यामध्ये काही बिघडले की लोक मला बोलावतात, आणि माझ्या पाठीमागे मला 'लिफ्टवाल्या बाई' म्हणतात. मला त्यात वावगे वाटत नाही. अंधाऱ्या उभ्या विहिरींत मी आयुष्य काढले; तिथे तळाशी जे सापडते ते बहुधा वरच्या मजल्यावर कोणीतरी विसरलेले असते.

"पोलिसांत का गेला नाहीत?"

"काय सांगू तिथे? नखाएवढं कार्ड हरवलं म्हणून?" ती खुर्चीत बसली. "बाई, ते कार्ड नानांचं आहे."

नाना म्हणजे सातव्या टेबलावरचे कारकून. विधुर, वय छप्पन्न. एकोणीस दिवसांपूर्वी, नऊ तारखेच्या रविवारी सकाळी, घरी एकटेच असताना त्यांचे हृदय थांबले. एकुलती मुलगी दुसऱ्या गावी नोकरीला होती. सोबत्याच्या करारात स्पष्ट लिहिले होते की यंत्रापाशी बोललेले सारे बोलणाऱ्याच्या मालकीचे, आणि त्याच्या माघारी वारसाचे. वारसाच्या अनुमतीवाचून ते कोणीही ऐकायचे नाही, रचनाकारानेही नाही.

"मुलीने फोनवर मला एवढंच विचारलं," ती म्हणाली, "'बाबांना आधीपासून दुखत होतं का? त्यांनी कोणाला सांगितलं होतं का?' डॉक्टर म्हणाले, हे काही एका दिवसाचं नसणार. तिला वाटतंय, बाबा मला सांगू पाहत होते आणि मी फोनवर घाईत असायचे. ते डोक्यातून जात नाही म्हणाली. आज चार वाजता येतेय ती, कार्ड न्यायला."

"सोबत्यापाशी कोणी दुखण्याबद्दल बोललं तर?"

"तर तो गप्प बसत नाही. छातीत दुखतंय, चक्कर येतेय, असं काही कानावर पडलं की तो ताबडतोब मला आणि तिथल्या साहेबांना निरोप पाठवतो. पहिल्याच दिवशी घातलेला नियम आहे हा. सातव्याकडून तीन महिन्यांत एकही निरोप आला नाही."

"म्हणजे नाना त्याच्यापाशी तसं काही बोललेच नाहीत."

"किंवा," रुमालाकडे पाहत ती म्हणाली, "माझं यंत्र ऐकूनही गप्प राहिलं."

२

गुरुवारी संध्याकाळी पाच वाजता तिने स्वतः कार्ड तपासले होते. त्यानंतर त्या कार्यशाळेत तिघे जण होते: ती, सोबत्यांची वाक्ये लिहिणारे गृहस्थ, आणि तक्रार विभागाचे साहेब. कपाटाला कुलूप होते, पण किल्ली दाराशेजारच्या खिळ्याला टांगलेली. कुलपाचा उपयोग कपाटाचे दार वाऱ्याने उघडू नये इतकाच.

वाक्ये लिहिणाऱ्यांना सगळे प्रॉम्प्टरकाका म्हणत. नाटकमंडळीत पस्तीस वर्षे विंगेत बसून त्यांनी विसरलेल्या नटांना ओळी पुरवल्या होत्या. रचनाकाराने त्यांना त्या गुणासाठीच उचलले: दुसऱ्याच्या तोंडात शोभेल असे बोलणे त्यांच्याइतके कोणाला जमत नसे. आतल्या लहानशा खोलीत ते मान मागे टाकून डोळ्यांत औषधाचे थेंब घालत होते.

"क्षमा करा हं. मोतीबिंदू काढलाय. महिनाभर हे थेंब." त्यांनी डोळे मिटूनच बोलणे चालू ठेवले. "आमच्या धंद्यात डोळे गेले की संपलं. नटाला टाळ्या, आम्हाला खोकल्याच्या गोळ्या. नाटक पडलं तर मात्र सगळे विंगेकडे बघतात."

"काल तुम्ही केव्हा निघालात?"

"सहा वाजले असतील. रचनाकारबाई त्याआधी गेल्या. आणि ते साहेब..." त्यांनी डोळे उघडले, ते लाल आणि ओले होते. "साहेबांचा आवाज जरा चढला होता. ते काहीतरी पुसा म्हणत होते. मी आत होतो. ऐकायचं नाही असं ठरवलं तरी माझे कान ऐकतात, काय करणार?"

"नानांना ओळखत होतात?"

"त्यांच्या सोबत्याची वाक्यं माझी. तेवढीच ओळख," ते म्हणाले, आणि बाटलीचे झाकण लावायला त्यांना बराच वेळ लागला.

तक्रार विभाग तिथून दोन रस्त्यांवर. तिसऱ्या मजल्यावरची लांबट खोली, खिडक्यांना फिकट पडदे, प्रत्येक टेबलावर दोन ट्रे: आलेली पत्रे, गेलेली पत्रे. सातवे टेबल रिकामे होते. त्याच्या पृष्ठभागावर एक गोल जागा बाकीच्यापेक्षा गडद दिसत होती; तिथे सोबती बसायचा.

साहेबांनी मला बसायलाही सांगितले नाही. इस्त्रीचा शर्ट, खिशाला दोन पेने, आणि रात्रभर जागल्यासारखा चेहरा.

"कार्ड चोरीला गेलं, असं कळलं," मी म्हणाले.

"हो का?" ते खिडकीकडे वळले. "मग बरंच झालं. ते ऐकलं जाऊ नये, हीच माझी इच्छा होती."

३

त्यांना ते लपवायचे नव्हतेच. बऱ्याच दिवसांत कोणी विचारले नसावे, इतक्या वेगाने ते बोलत गेले.

"शेवटच्या आठवड्यात मी नानांना त्यांच्या टेबलापाशी उभं राहून झापलं. सगळ्यांसमोर. दोनशे पत्रं तुंबली होती. मी म्हणालो, 'नाना, जमत नसेल तर घरी बसा.' ते उठून उभे राहिले आणि 'हो साहेब' म्हणाले. माझ्याहून सहा वर्षांनी मोठा माणूस. चार दिवसांनी ते गेले." त्यांनी चष्मा काढला. "मुलीने बापाचा आवाज ऐकायला म्हणून ते लावावं आणि त्यात मी असावं? काल मी जाऊन म्हटलं, तुमचा तो मोठा कॉम्प्युटर पुसून टाका, काय लागेल ते मी भरतो. त्या नाही म्हणाल्या. मी आलो निघून."

"मोठा कॉम्प्युटर?"

"तो नाही का, दाराजवळचा, काळा. सगळं त्यातच साठतं ना?"

दाराजवळ जो काळा ठोकळा होता तो खोली थंड ठेवणाऱ्या यंत्राचा होता. मी त्यांना दुरुस्त केले नाही. कार्ड सोबत्याच्या तळात असते, हे ज्याला ठाऊक नाही त्याने ते काढले नसणार. शिवाय ज्याला ते बोलणे नष्ट करायचे होते तो यंत्राच्या हनुवटीखाली रुमाल कशाला ठेवील? साहेबांचे दुःख खरे होते. पण त्या दुःखाला कपाटाचा रस्ता माहीत नव्हता.

सहाव्या टेबलावर बसणारी बाई नानांची अकरा वर्षांची शेजारीण. ती पाकिटांवर शिक्के मारीत होती, आणि बोलतानाही तिने ते थांबवले नाही.

"पहिला महिना नाना त्या बाहुल्याशी एक अक्षर बोलले नाहीत. आम्हाला सांगितलंच होतं ना, की पहिला महिना मागे माणूस बसून ऐकतो, मग सगळं यंत्रावर. नाना म्हणायचे, 'माणूस ऐकतोय तोवर मी कशाला तोंड उघडू? माणसांचं ऐकून मीच दमलोय.' महिना संपला आणि मग मात्र बांध फुटावा तसे बोलायला लागले. त्याला 'पाहुणे' म्हणायचे. 'पाहुणे, आज काय म्हणताय?' आम्ही हसायचो."

"तुमच्याकडेही होता ना एक?"

"होता की. बावळट. मी शिंकले तरी 'छान' म्हणायचा. माझी सासू आजारी आहे म्हटलं तर म्हणाला, पाणी प्या." शिक्का हवेत थांबला. "नानांचा तसा नव्हता. नाना बोलता बोलता गप्प झाले की तोही गप्प बसायचा. एकदा नाना रडत होते, तोंड ट्रेकडे करून, म्हणजे आम्हाला दिसू नये म्हणून. तो काही बोलला नाही हो. कितीतरी वेळ. मग हळूच म्हणाला, 'मी आहे.' मी मनात म्हटलं, एकाच कारखान्यातले दोघे, याला शहाणपण आणि माझ्याला शिंका?"

"नेहमीच असा असायचा?"

"नेहमी. फक्त ते तीन दिवस सोडून. नाना जायच्या आधीचा आठवडा, सोमवार-मंगळवार-बुधवार. त्या तीन दिवसांत तोही माझ्या बाहुल्यासारखाच वागायला लागला. 'छान', 'पाणी प्या', 'उठा, चाला'. नाना म्हणाले, 'आज आमच्या पाहुण्यांचा मूड नाही,' आणि तीन दिवस त्याच्याशी बोललेच नाहीत."

तिने शिक्का खाली ठेवला आणि पहिल्यांदाच माझ्याकडे पाहिले. "बाई, यंत्राला मूड असतो का?"

४

दीड वाजता मी पुन्हा कार्यशाळेत होते. मुलगी यायला अडीच तास उरले होते.

"कार्ड नाही, पण वेळांची नोंद असेल," मी रचनाकाराला म्हणाले. "शब्द नकोत मला. माणूस बोलायचा थांबला केव्हा आणि सोबती बोलायला लागला केव्हा, एवढंच."

तशी नोंद होती. पहिला महिना वगळून तिने पडद्यावर सातही रकाने उभे केले. सहा रकान्यांत वरपासून खालपर्यंत एकच आकडा उतरत गेला होता: दीड सेकंद, दीड सेकंद, दीड सेकंद. "लगेच उत्तर दिलं तर माणसाला वाटतं, याने ऐकलंच नाही. म्हणून तेवढं अंतर मीच ठेवलंय," ती म्हणाली.

सातव्या रकान्यात चार सेकंद होते. मग नऊ. तीन. सतरा. मागच्या महिन्याच्या सत्तावीस तारखेला, दुपारी, एक्केचाळीस. त्या आकड्यांकडे पाहताना मला एखाद्या झोपलेल्या माणसाचा श्वास मोजत असल्यासारखे वाटले. त्यांत कुठेही ताल नव्हता आणि तरी ते जिवंत होते. फक्त तीन, चार आणि पाच तारखेला तो रकाना इतरांसारखा झाला होता: दीड, दीड, दीड.

रचनाकार उठून उभी राहिली, मग पुन्हा बसली.

"हात काढलाच नव्हता," ती म्हणाली.

'हात' हा त्यांच्या कामातला शब्द. पहिल्या महिन्यात आतल्या खोलीत बसून जो माणूस ऐकतो आणि उत्तर टाइप करतो, ज्याचे शब्द सोबती आपल्या आवाजात बोलतो, तो 'हात'. यंत्राने कसे बोलावे हे त्यातून शिकायचे आणि महिना संपला की हात काढून घ्यायचा.

"ह्या नोंदी तुम्ही पाहिल्या नव्हत्या?"

"सरासरी पाहिली होती." तिचा आवाज खाली गेला. "सातव्याचाच निकाल सगळ्यात चांगला होता, बाई. नाना तीन महिन्यांत हसायला लागले, असं मी अहवालात लिहिलंय. माझ्या यंत्राने एका माणसाचं एकटेपण कमी केलं, असं लिहिलंय."

"आणि दुखण्याचा तो नियम? हात असताना तो चालू राहतो?"

"नाही. हात असला की नियम झोपतो. तिथे माणूस बसलेला आहे, तो कळवेलच, असं मी धरून चालले."

"हाताचं काम कोण करायचं?"

"आम्ही दोघं. मी आणि काका, आळीपाळीने."

मी तिच्याकडे हजेरीचे पुस्तक मागितले. तीन, चार, पाच तारखेला तिची सही होती. ती तिन्ही दिवस इथेच होती, आणि तिन्ही दिवस सातव्यामागे कोणी नव्हते. दुसऱ्या रकान्यात त्या तीन दिवसांपुढे एकच शब्द लिहिलेला होता, रचनाकाराच्या अक्षरात: शस्त्रक्रिया.

महिनाभर थेंब, असे काका सकाळी म्हणाले होते. मी आतल्या खोलीचे दार ढकलले. खोली रिकामी होती, आणि थेंबांची बाटली टेबलावर तशीच राहिली होती.

५

ते जिन्यात सापडले, दुसऱ्या आणि पहिल्या मजल्याच्या मधल्या पायरीवर. पळून जाणारा माणूस असा बसत नाही. कार्ड त्यांच्या तळहातावर होते.

मी एक पायरी सोडून बसले. रचनाकार वर कठड्याला धरून उभी राहिली.

"पुसणार होतो," ते म्हणाले. "काल कपाटापाशीच लावून बघितलं. नेमकं पुसायचं बटण शोधत होतो आणि नाना बोलायला लागले. 'पाहुणे, आज काय म्हणताय?' मग कसलं पुसतोय. घरी नेलं. रात्री उशाशी ठेवलं होतं, एवढंच."

"आणि रुमाल?"

"मान लोंबकळत होती त्याची. बघवेना."

वरून रचनाकार म्हणाली, "काका, हात का काढला नाहीत?"

"काढला होता की गं. महिना संपला त्या दिवशी काढला. फक्त ऐकत बसलो होतो, सवयीने. नाना पहिल्यांदा बोलले त्या दिवशी. म्हणाले, 'आज हिला जाऊन दोन वर्षं झाली.' आणि तुझं यंत्र म्हणालं, 'दोन वर्षं! छान प्रगती.'" त्यांनी कार्ड मुठीत घेतले. "नट अडला की माझी जीभ आपोआप हलते. पस्तीस वर्षांची खोड. मी बटण दाबलं आणि लिहिलं, 'क्षमा करा. मी चुकीचं बोललो. त्यांच्याबद्दल सांगाल?' त्यानंतर मग बटण सोडायचं कसं? रोज वाटायचं, उद्या. आणि त्यांना वाटत होतं की आता माणूस कोणी ऐकत नाही. म्हणून तर बोलत होते."

"सत्तावीस तारखेला त्यांनी दुखण्याचं सांगितलं," मी म्हणाले.

त्यांनी मान हलवली. "जिना चढताना छातीत कळ येते म्हणाले. डाव्या हातापर्यंत. मी म्हटलं, डॉक्टरकडे जा, मुलीला सांगा. तर म्हणाले, 'पाहुणे, तुम्ही यंत्र आहात म्हणून सांगतो. पोरीने आईच्या दुखण्यात दोन वर्षं घालवली, हातातली नोकरी सोडली. आता कुठे नवी लागली आहे. सहा महिने बघून मग कायम करणार आहेत. चौदा तारखेला सहा महिने संपतात. मी आत्ता सांगितलं तर ती दुसऱ्या दिवशी दारात उभी राहील. पंधराला सांगतो. तोवर कोणाला कळता कामा नये.'"

"एक्केचाळीस सेकंद तुम्ही काहीच बोलला नाहीत."

"मोजलेत का?" ते क्षीण हसले. "दोनदा लिहिलं, 'मला कळवावं लागेल.' दोनदा खोडलं. विंगेत बसणाऱ्याने ऐकलेलं बाहेर न्यायचं नसतं, बाई. कोण कुठे अडखळला, कोणाला घाम फुटला, हे प्रेक्षकाला कळलं तर आमचा धंदाच बुडाला. शेवटी लिहिलं, 'बरं. नाही सांगत.'"

जिन्यात खालून कोणीतरी दार लोटल्याचा आवाज आला आणि विरला.

"यंत्र असतं तर त्याने सांगितलं असतं," काका म्हणाले. "त्याला शब्द पाळता येत नाही. साहेबांना निरोप गेला असता, नाना चिडले असते, पाहुण्यांना चार शिव्या घातल्या असत्या, आणि आज टेबलावर बसून पत्रं लिहीत असते. एका माणसाला त्या दिवशी माणूस मिळायला नको होता, तर नेमका मी मिळालो."

रचनाकार एक एक पायरी उतरत खाली आली आणि त्यांच्याशेजारी भिंतीला टेकून बसली. तिला रागवायचे होते, हे दिसत होते. "नियम मी झोपवला होता, काका," ती म्हणाली.

घड्याळात पावणेचार झाले होते. आता ते कार्ड मुलीच्या हाती कोण देणार, हे मला विचारावे लागले नाही. काका कठडा धरून उठले आणि पहिल्यांदाच पुढे झाले.

६

ती चार वाजता आली. बसचा प्रवास करून आलेली, खांद्याला पर्स, केसांचा घट्ट अंबाडा, आणि इथल्या माणसांनी आपल्याला केविलवाणे समजू नये म्हणून ताठ ठेवलेली पाठ. काकांनी कार्ड तिच्यापुढे टेबलावर ठेवले आणि उभ्या उभ्याच सारे सांगितले. कुठे थांबले नाहीत, स्वतःसाठी एक शब्दही राखून ठेवला नाही.

"म्हणजे त्यांना माहीत होतं," शेवटी ती म्हणाली.

"हो."

"आणि तुम्हालाही."

"हो."

"माझा नंबर होता तुमच्याकडे?"

"होता. करारावर लिहिलेला."

"एक फोन करायचा होता," ती म्हणाली. आवाज चढला नाही. एखाद्या कागदावर राहून गेलेली सही दाखवावी तसे तिने ते दाखवले. काकांनी मान खाली घातली. क्षमा मागायला ते आले होते, पण ती मागण्याची जागा त्या खोलीत कुठे सापडली नाही.

"सात तारखेचं ऐका," मग ते म्हणाले. "शुक्रवारचं. ते तुमच्यासाठी आहे. आम्ही तालीम केली होती. तुम्हाला कसं सांगायचं याची."

आम्ही उठू लागलो तेव्हा तिने हाताने थांबवले. "बसा. एकटीने नाही ऐकवणार मला."

रचनाकाराने कार्ड सातव्या सोबत्यात लावले. आधी कार्यालयाचा आवाज आला: लांबवर शिक्के, एक खोकला. मग सोबत्याचा सपाट, स्वच्छ आवाज.

"समजा, मी तुमची मुलगी. पंधरा तारीख आहे. मी फोन उचललाय. बोला."

"हॅलो. बाळ, जेवलीस का?"

तिने टेबलाची कड धरली.

"हे तुम्ही रोजच विचारता, नाना. पुढे."

"पुढे... अगं, घाबरण्यासारखं काही नाही, पण..."

"अशी सुरुवात केलीत तर ती आधी घाबरेल."

एक हसू आले, जाड, थोडे धापावलेले. माझ्या शेजारी बसलेल्या मुलीच्या ओठांनी नकळत तेच हसू घेतले आणि लगेच टाकले.

"बरं. परत. बाळ, ऐक. थोडे दिवस झाले, जिना चढताना माझ्या छातीत दुखतं. तुला मुद्दाम सांगितलं नाही. आईच्या वेळी तू सगळं टाकून आलीस. या वेळी तुझी नोकरी कायम झाल्याशिवाय बोलायचं नाही असं ठरवलं होतं मी. तू विचारत नाहीस असं नाही हं. तू रोज विचारतेस, मीच टोलवतो. आता झाली ना कायम? मग ये. मला एकट्याला दवाखान्यात जायची भीती वाटते गं."

थोडी शांतता. मग सोबत्याचा आवाज: "काळजी करू नका बाबा. मी येते. सगळं ठीक होईल."

"थांबवा," ती म्हणाली.

रचनाकाराने थांबवले.

"मी असं बोलले नसते." ती काकांकडे पाहत होती. "हे माझं नाही. असं गोड मी त्यांच्याशी कधी बोललेच नाही. मी आधी भांडले असते." तिने श्वास घेतला. "मागे घ्या. त्यांचं बोलणं संपतं तिथपर्यंत. पुढचं नको."

पुन्हा तेच. पुन्हा ते हसू, आणि पुन्हा नाना शेवटच्या वाक्याशी आले: मला एकट्याला दवाखान्यात जायची भीती वाटते गं. तिथे रचनाकाराने आवाज तोडला, आणि खोलीत आता कोणाकडेच पुढची ओळ नव्हती.

"इतके दिवस?" ती म्हणाली. त्या लहानशा यंत्राकडे वाकून, मोठ्याने, चिडून. "बाबा, इतके दिवस दुखतंय आणि तुम्ही मला जेवलीस का विचारताय? मी काय परकी आहे? खड्ड्यात गेली ती नोकरी. तुम्हाला काय वाटलं, आईचं केलं म्हणून मी दमले? मी काय मोजत बसले होते?" तिचा आवाज फाटला, पण ती थांबली नाही. "आता मुकाट्याने शर्ट चढवा. जिना उतरू नका. शेजारच्या काकूंना हाक मारा, त्यांना सांगा माझ्यापाशी बसा. औषधांचे कागद शोधत बसू नका, मी आल्यावर बघते. ऐकताय ना? मी निघालेच."

तिने पर्स उचलून खांद्याला लावली आणि खुर्ची मागे सारली. पावलांत घाई होती, जशी वेळेत गाठायची बस असल्यावर असते. दारापर्यंत ती खरोखरच गेली. कडीवर हात ठेवून मग ती तशीच उभी राहिली.